सुभेदारांचं बावीस दिवसांचं राज्य

"तुमच्या हाताखाली मानसं किती?"

सुभेदार महादेवराव उमाट्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, जात नाही, पगार नाही. धामणखेड्यात नव्यानं पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते हेच विचारत. मग तो तलाठी असो, देवीची लस टोचणारा असो, की हिंगणघाटच्या जिनिंगमधून आलेला कापसाचा दलाल असो. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. वर्ध्याहून जाम गावापर्यंत मोटारीनं आणि तिथून तीन कोस पायी, खांद्यावर ट्रंक घेऊन आलो होतो. घामानं डोळे चुरचुरत होते. समोर उंच, हाडकुळा, उजवा खांदा जरा खाली झुकलेला एक माणूस कुंपणाला काट्या लावत उभा होता. अंगातला खाकी सदरा विटून विटून मातीच्या रंगाचा झालेला.

"माणसं कुठली हो? मी शाळामास्तर," मी म्हणालो. "पटावर बेचाळीस मुलं आहेत."

"बेचाळीस!" त्यांनी हातातली काटी खाली ठेवली. "मंग जपून राहाजा, गुरुजी. बेचाळीस लय होतात. मानूस बिघडाले पाच पुरतात."

मला वाटलं, ते मुलांच्या बिघडण्याबद्दल बोलताहेत. ते माझ्याबद्दल बोलत होते, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

एकोणीसशे पन्नासचं दशक नुकतंच लागलेलं. सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन गावात आले त्याला चार-पाच वर्षं झाली होती. आठ एकर शेती, एक बैलजोडी, आणि सरजाबाई नावाची त्यांची बायको. मूलबाळ नाही. सरजाबाई कमी बोलत, आणि जे बोलत ते नवऱ्याला उद्देशून, पण भिंतीकडे पाहून. "फौजेतून आलेल्या मानसाले घर म्हंजे बराक वाटते," असं त्या भिंतीला सांगत आणि सुभेदार मुकाट्यानं पाण्याचा तांब्या स्वतः उचलून घेत. गावात त्यांचा दरारा होता, पण तो त्यांनी कमावला नव्हता. लोकांनीच तो त्यांच्यावर लादला होता. पंचायतीत या म्हटलं तर ते येत नसत. भांडण सोडवा म्हटलं तर "दोघंबी माह्या वावरात या, बांध घालू लागा, मंग पाहू" म्हणत. बांध घालून होईपर्यंत भांडणाऱ्यांचा जोर संपलेला असे.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. ते जामहून दोन दिवस उशिरानं यायचं. एकदा त्यात बातमी होती की दूरच्या कुठल्याशा देशात एका सेनापतीनं राजाला घालवून राज्य ताब्यात घेतलं. देशाची घडी बसली की आम्ही बराकीत परत जाऊ, असं तो सेनापती म्हणत होता.

"लबाड दिसतो," मी म्हणालो.

"लबाड नाई जी. खरं बोलून राह्यला थो. आज त्याले खरंच वाटते का आपन वापस जाऊ. पहिल्या आठवड्यात समद्याईलेच वाटते. मलेबी वाटलतं."

"तुम्हाला? तुम्ही कुठं राज्य केलं?"

"केलं ना. चाळीस दिवस."

मग त्यांनी ते सांगितलं. ब्रह्मदेशात जपानी मागं हटत होते. नदीकाठच्या एका छोट्या शहरात सुभेदारांची तुकडी शिरली. तेव्हा ते जमादार होते, सुभेदाराच्या एक पायरी खाली. गोरा साहेब तापानं फणफणला, त्याला मागं नेलं. दोन दिवसांत दुसरा साहेब येईल, तोवर तू सांभाळ, असा हुकूम झाला. दुसरा साहेब आला चाळीस दिवसांनी. तोवर त्या शहरात न्यायाधीश, फौजदार, कलेक्टर, सगळं काही धामणखेड्याचे महादेव उमाटे.

"मले वाटलं, उपाशी लोक हायत, तांदूळ मांगाले येतील," ते म्हणाले. "पहिल्याच सकाळी दाराशी रांग लागली. दुभाषी पुसते, तं एकबी तांदूळ मांगत नाई. हा म्हने, माहा शेजारी जपान्याईचा मानूस होता. शेजारी म्हने, हाच होता. भावानं भावाचं नाव सांगतलं. पोटात अन्न नाई गुरुजी, अन मानूस पहिले शेजाऱ्याचा काटा काढाले आला. तवा समजलं. आपल्याले वाटते लोक राजाले भेतात. भेत नाईत. वापरतात."

"मग तुम्ही काय केलं?"

"पहिल्या दिवशी समद्याईले हाकललं. दहाव्या दिवशी आयकाले लागलो. पंधराव्या दिवशी बाजारातून जाऊन राह्यलो होतो. समदे उठून उभे झाले, एक म्हातारा नाई उठला. मी त्याच्या तोंडात मारली. थो आंधळा होता."

मी वर्तमानपत्राची घडी घातली.

"पहिल्या दिवशी मारली असती काय? पहिल्या दिवशी मी त्याचा हात धरून त्याले सावलीत बसवलं असतं. थोच म्हातारा, थोच मी. पंधरा दिवसांत काय बदललं?" त्यांनी स्वतःच्या कानाची पाळी धरली. "सत्ता आली का मानसाचे पहिले कान जातात. डोळे राहतात, हात राहतात, कान जातात. अन ज्याचे जातात त्याले पत्ता लागत नाई."

त्या दिवशी पलटणीच्या स्वयंपाक्यानं, एका गढवाल्यानं, त्यांच्यापुढं रिकामी थाळी आदळली होती. 'जमादार साब, आज आपने गलत किया. आज मैं रोटी नहीं दूँगा.' सुभेदार दिवसभर उपाशी राहिले आणि त्याला त्यांनी काहीही केलं नाही. "थो होता म्हनून मी पुरा जनावर नाई झालो," ते म्हणाले. "अर्धाच झालो."

पुढच्या उन्हाळ्यात गावाला पटकी लागली. आमच्याकडे तिला हैजा म्हणतात. एका लग्नाच्या पंगतीनंतर दोन दिवसांत तीन माणसं गेली, आणि तिसऱ्या दिवशी पाटील बायकापोरांसकट बैलगाडी जुंपून नागपूरला मेहुण्याकडे निघून गेले. हिंगणघाटहून डॉक्टर आले. त्यांनी सुया टोचल्या, पाण्यात टाकायची लाल दवा दिली, आणि गावाबाहेर कोणी जाऊ नये, गावात कोणी येऊ नये, आजाऱ्याला देवळाच्या धर्मशाळेत वेगळं ठेवावं, अशी ताकीद दिली. आजूबाजूच्या सहा गावांत हीच गत होती. डॉक्टर एकटे आणि त्यांच्याबरोबर एक शिपाई. ते म्हणाले, "गावात कोणी जबाबदार माणूस आहे का?"

सगळे सुभेदारांच्या दाराशी गेले. ते आधी नाही म्हणाले. दुसऱ्यांदाही नाही म्हणाले. तेव्हा सरजाबाई भिंतीकडं न पाहता थेट त्यांच्याकडं पाहून बोलल्या, "लोक मरून राह्यले, अन तुम्हाले सोताच्या मनाची पडली."

ते उठले. डॉक्टरांपुढं त्यांनी गावाला सांगितलं, "मी म्हनेन थे होईल. काऊन म्हनून इचाराचं नाई. डॉक्टरसायब ज्या दिवशी बंदोबस्त उठवतील, त्या दिवशी मी उतरलो." मग मला बाजूला घेऊन त्यांनी माझा दंड धरला. "गुरुजी, तुम्ही शिकलेले हा. तुमचं इथं वावर नाई, भाऊबंद नाई. मी चुकलो का तुम्ही मले तोंडावर सांगजा. बाकी कोनी सांगनार नाई. येवढं एक काम तुमचं."

मी हो म्हणालो. मला अभिमान वाटला.

पहिल्या दहा दिवसांतले सुभेदार मी विसरणार नाही. गावाची मोठी विहीर नाल्याला लागून होती. त्यांनी ती बाभळीच्या काट्या टाकून बंद केली. शुद्ध पाणी होतं ते एका विहिरीत, नाल्यापलीकडच्या चढावरच्या वस्तीत. त्या वस्तीतल्या माणसांना गावाच्या विहिरीला कधी हात लावू दिला नव्हता. सुभेदारांनी हुकूम काढला की सगळ्या गावानं तिथलंच पाणी प्यायचं. विहिरीवर त्यांनी त्याच वस्तीतल्या किसनला नेमलं. किसन हंगामात हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये सरकी काढायचे रेचे चालवायचा, एरवी मिळेल ती मजुरी करायचा. तिशीतला, कमी बोलणारा, कामाला वाघ. पहाटेपासून तो पाणी शेंदायचा, त्यात लाल दवा टाकायचा, आणि प्रत्येकाच्या भांड्यात स्वतःच्या हातानं ओतायचा.

एक वृद्ध गृहस्थ काठी आपटत आले. "जीव गेला तरी चालंल, पन त्या विहिरीचं पानी या तोंडात जानार नाई."

"बरं हाये, काकाजी," सुभेदार शांतपणे म्हणाले. "तुमचा जीव जाऊ द्या. नातवंडाईले तेवढं इकडं धाडून द्या."

नातवंडं आली. दुसऱ्या दिवशी काकाजीही लोटा घेऊन आले. किसननं काही न बोलता लोटा भरला.

सुभेदार दिवसातून तीनदा घर न घर फिरत. आजाऱ्याच्या उशाशी बसत, त्याची हगवण स्वतःच्या हातानं चुन्यानं झाकत, मेलेल्याला खांदा देत. गावात मरणं होत होती, पण ती हळूहळू कमी होत होती. तेराव्या दिवशी कोणीच मेलं नाही. माणसं रस्त्यात त्यांच्या पाया पडायला लागली.

त्याच सुमारास कधीतरी ते फिरायचे थांबले. कारण होतं. त्यांना कणकण होती, पाय सुजले होते. शाळा त्यांचं कार्यालय झाली. गावाबाहेर जायचं तर चिठ्ठी लागे. चिठ्ठी मी लिहायचो, त्यावर शाळेचा शिक्का मारायचो. गावाच्या वेशीवर नारायण नावाचा तरणाबांड गडी काठी घेऊन उभा असे. त्याला सुभेदारांनीच नेमलं होतं. त्यानं एकाला काठीनं फोडलं तेव्हा सुभेदारांनी त्याला समज दिली, पण काढलं नाही. "सध्या कडकच मानूस पाहिजे," म्हणाले. लोक शाळेत यायला लागले. अमक्यानं आजारी सासू लपवलीय, तमका चोरून जुन्या विहिरीचं पाणी पितो. पहिल्यांदा सुभेदारांनी अशांना हाकललं. मग ते ऐकून घ्यायला लागले. मला दिसत होतं. ब्रह्मदेशाची ती सगळी हकिगत मी त्यांच्याच तोंडून ऐकलेली होती. तरी मी बोललो नाही. लोक मला 'गुरुजी' ऐवजी 'साहेब' म्हणायला लागले होते. पाटलांच्या चुलत्यानं चिठ्ठीसाठी माझ्यापुढं हात जोडले होते. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मास्तराला त्याची काय गोडी लागते, हे मी आज सांगू शकतो, तेव्हा स्वतःलाही सांगितलं नसतं.

एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी किसन आला. विहीर सोडून आला होता. मागं उसनी बैलगाडी, गाडीत गवतावर त्याची बायको गिरजा. तिच्यावर लुगडं टाकलेलं. वेशीवर नारायणनं गाडी अडवून चिठ्ठी मागितली होती.

"गुरुजी, गिरजाले दिवस भरले. कालपासून कळा येऊन राह्यल्या," किसन म्हणाला. "सुईन म्हनते, लेकरू आडवं हाये, आपल्या हातचं नाई. हिंगनघाटले नेतो."

मी आत गेलो. सुभेदार बाकावर पाय लांब करून तहसीलदारांना पाठवायचा अहवाल सांगत बसायचे, तसेच बसले होते. मी सांगितलं.

"उलटी झाली काय तिले?"

मी बाहेर येऊन विचारलं. किसन खोटं बोलला नाही. "कळा सोसता सोसता एकदा झाली जी."

मी आत जाऊन सांगितलं. सुभेदारांनी मान हलवली. "मंग नाई. वाटंवर चार गावं लागतात. उलटीवाला मानूस बाहेर जाऊ द्याचा नाई."

"बाळंतपणाचं म्हणतोय," मी म्हणालो.

"समदे काई ना काई म्हनतात."

इथं मी बोलायला हवं होतं. 'चला, उठा, स्वतः पाहा,' एवढे चार शब्द. बाहेरच्या गाडीपर्यंत वीस पावलं होती. ते उठले असते, याबद्दल मला आजही शंका नाही. पण मी, जणू निरोप्याच, वळलो आणि बाहेर येऊन म्हणालो, "हुकूम नाही."

किसननं माझ्याकडं पाहिलं. त्यानं हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही. "गुरुजी, तुम्ही पाह्यलं काय तिले?"

मी पाहिलं नव्हतं. लुगड्याखालून एक हात बाहेर आला, त्यानं गाडीची दांडी घट्ट धरली आणि तो पुन्हा आत गेला. किसननं बैल फिरवले.

दिवस मावळायच्या आत गिरजा गेली. मूल पोटातच गेलं.

सुभेदारांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, तेही असं की विहिरीवर भांड्यांची रांग खोळंबली म्हणून तक्रार आली. "किसन काऊन नाई आला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिले. मग सुजलेल्या पायांनी उठले आणि अनवाणीच नाला ओलांडून वर वस्तीत गेले. मी मागं होतो. किसनच्या झोपडीपुढं दहन करून आलेली माणसं बसली होती. ती उठली नाहीत. म्हातारी सुईण दारातच होती.

"हैजा होता काय तिले?" सुभेदारांनी विचारलं.

"नाई जी. हैज्याचा टिपूसबी नाई," म्हातारी म्हणाली. "अडली होती. डाकतरानं पोट फाडून काढलं असतं. वाचली असती, नसती, देव जाने. पन वाटंवर तं लागली असती बाप्पा."

आतून किसन बाहेर आला. सुभेदार त्याच्यापुढं उभे राहिले. किसन त्यांच्या बाजूनं निघून गेला, सरळ विहिरीवर गेला आणि दोर विहिरीत सोडला. रांगेतली भांडी पुढं सरकली. त्या सकाळी गावानं त्याच्या हातचं पाणी नेलं.

सुभेदारांनी काम सोडलं नाही. मला वाटलं होतं, सोडतील. ते म्हणाले, "आता सोडलं तं थो पळपुटेपना होईल." नारायणला त्यांनी वेशीवरून काढलं आणि स्वतः तिथं उभे राहिले. संध्याकाळी पुन्हा घर न घर फिरायला लागले, पाय ओढत. तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी बंदोबस्त उठवला. देवळापुढं सभा झाली. तहसीलदार आले होते, हार आणले होते. सुभेदारांनी गाव वाचवलं, आता त्यांनी बिनविरोध सरपंच व्हावं, असं दोघातिघांनी म्हटलं. टाळ्या झाल्या. सुभेदारांनी हार घेतला नाही.

"या गावात हैज्यानं अकरा मानसं मेली," ते म्हणाले. "गिरजा अन तिचं लेकरू हैज्यानं नाई मेलं. थे माह्या हुकुमानं मेलं. तहसीलदारसायब, तुमच्या कागदावर तसं लिहा."

तहसीलदार चुळबुळले. गर्दीतून कोणी तरी म्हणालं, "असं काऊन बोलून राह्यले सुभेदार? शंभर जीव वाचवले तुम्ही. येखादी चूक होते मानसाकडून. आमचं काई मनात नाई."

"वाचलेल्याईनं मले माफ करनं सोपं हाये," सुभेदार म्हणाले. "अन अजून एक सांगा मले समदे. थे पाटलाची सून असती, तं मी बाकावरून उठलो असतो का नसतो?"

त्या प्रश्नाचं उत्तर मलाही ठाऊक होतं. पाटलाच्या सुनेसाठी मी स्वतःच धावत आत गेलो असतो.

आठवड्याभरात मोठ्या विहिरीवरच्या काट्या काढल्या. विहीर उपसली, दवा टाकली, पूजा झाली. त्या दिवसापासून पलीकडच्या विहिरीवर गावातलं एकही भांडं गेलं नाही. काकाजींनी तर गोमूत्र शिंपडून लोटा शुद्ध करून घेतला. मी संतापलो. सुभेदार संतापले नाहीत. "मी हुकूम देल्ला, म्हनून लोकाईनं पानी पेलं," ते म्हणाले. "हुकुमानं तोंड उघडते. मन नाई उघडत. मी त्याईले समजावून नाई सांगतलं. समजवाले टाइम लागते, अन माह्यापाशी काठी होती." दोन वर्षांनी नारायण सरपंच म्हणून निवडून आला आणि पुढं पुष्कळ वर्षं गावाचा कारभारी राहिला. वेशीवर उभं राहून मिळालेली चव त्याची सुटली नव्हती. त्याच्याबद्दल कोणी वाईट बोललं की सुभेदार म्हणत, "त्याच्या हातात काठी मी देल्ली. मले बोला."

बंदोबस्त उठला त्या सभेनंतर दोन दिवसांनी सुभेदार ओट्यावर आले. मी वर्तमानपत्र उघडलं. त्यांनी ते मिटायला लावलं.

"गुरुजी, तुम्ही मले काऊन नाई सांगतलं?"

मी आधी म्हणालो की मी भ्यालो.

"मले भेले?"

"नाही." मला खरं सांगावंच लागलं. "तुम्ही चुकता असं म्हटलं असतं, तर तुम्ही कदाचित मला बाजूला केलं असतं. मग चिठ्ठ्या दुसऱ्यानं लिहिल्या असत्या. लोक मला साहेब म्हणत होते. ते जाईल, याला भ्यालो."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं होतं, ते थुंकतील. "हां," ते म्हणाले. "थेच असते. राजा येकटा नाई बिघडत. त्याच्याभवती दहा जन असतात, त्याईले आपापली चिठ्ठी सांभाळाची असते." मग म्हणाले, "पन दोष तुमचा नाई म्हनत मी. मले माहीत होतं, पहिले कान जातात. माहीत असून गेले. न शिकलेला मानूस बरा, त्याले येवढं तरी म्हनता येते का मले ठाव नोतं."

त्यांना मी नंतर कधी मोकळेपणानं हसताना पाहिलं नाही. शेती करत राहिले. नव्या माणसाला तो हाताखालच्या माणसांचा प्रश्न विचारणं त्यांनी सोडलं. किसन त्याच वर्षी गाव सोडून हिंगणघाटला गेला, तिथल्या गिरणीत लागला. माझी बदली वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला झाली. लग्न झालं, संसार सुरू झाला. धामणखेड्याला जाणं कमी होत गेलं. गिरजाची आठवण आली की मी स्वतःला समजावत असे की हुकूम माझा नव्हता.

दशक संपत आलं होतं तेव्हा सरजाबाईंचं पत्र आलं. तिथल्या नव्या मास्तरांनी लिहिलेलं. सुभेदार अंथरुणाला खिळले आहेत. मी निघालो. पोचलो तेव्हा सकाळची उन्हं अंगणात आली होती आणि अंगणात माणसं जमली होती. सुभेदार पहाटेच गेले होते. सरजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून एवढंच म्हणाल्या, "शेवटी वाचा गेलती. हातानंच पानी मांगत होते."

नाल्याकाठी चिता रचली. पलटणीतला कोणी आला नाही, बिगूल नाही, काही नाही. पंधरा-वीस माणसं. आग नीट धरली तेव्हा मला दिसलं की बाभळीखाली, सगळ्यांपासून दूर, एक माणूस उभा आहे. केस अकाली पांढरे झाले होते, पण उभं राहण्यावरून मी ओळखलं. जवळ गेलो.

"किसन? तू आलास?"

"निरोप भेटला. आलो."

मला काय बोलावं सुचेना. मनात आलं ते मी बोलून गेलो. "बरं झालं आलास. माफ केलंस त्यांना."

"नाई केलं." तो चितेकडंच पाहत होता. "दर साली जेठात थो येत होता हिंगनघाटले. माह्या दाराशी. गिरजा गेली त्या दिवशी. पायी येत होता गुरुजी, पाच कोस. आला का नुसता उभा राहे. मी कधी बस नाई म्हनलं, पानी नाई देल्लं. दिवस मावळला का चालला जाये. पाय गेले तं गाडीत आला, काठीवर उभा राह्यला. सहा साल." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "मी माफ नाई केलं. पन थो येत होता."

मग त्यानं पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. शाळेच्या दाराशी त्या दुपारी पाहिलं होतं, तसंच.

"तुम्ही कधी आले?"

त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. उपरणं खांद्यावर टाकून तो हिंगणघाटच्या वाटेला लागला. चिता पुरती जळेपर्यंत मी तिथं होतो.

पुढच्या ज्येष्ठात, गिरजा गेली त्या दिवशी, मी हिंगणघाटला गेलो. गिरणीमागच्या चाळींत विचारत विचारत त्याचं घर काढलं. पाळी संपवून तो नुकताच आला होता, अंगावर कापसाचे धागे होते. त्यानं मला पाहिलं आणि तो आत गेला. दार त्यानं लावलं नाही. बस म्हणाला नाही. ऊन डोक्यावर होतं. मी उभा राहिलो.